हरायलाही मिळालं नाही

कोल्हापूरला फोनवर हॉकीचं काही सांगायला लागले की दादाची गाडी हमखास मेजर ध्यानचंदांवर जाते. म्हणून आधीच सांगते, ही बर्फावरची हॉकी. त्यातही एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली मोठी व्यावसायिक लीग, नव्हे, ज्युनियर. सोळा ते वीस वर्षांची पोरं खेळतात ती. कॅनडात तिच्या तीन लीग आहेत: पश्चिमेची, ओंटारियोची आणि क्वेबेककडची. २०२० साली तिन्ही मिळून साठ संघ होते. ओंटारियो लीगमधला आमचा संघ म्हणजे ओटावा सिक्स्टी-सेव्हन्स. देशाच्या शताब्दीच्या वर्षी, १९६७ ला निघाला, म्हणून हे नाव. अंगात लाल, पांढरे, काळे आडवे पट्टे. कितीही लांबून बघा, ओळखू येतात.

या संघाचा २०१९-२० चा हंगाम मार्चमध्ये मध्येच तुटला. तेव्हा माणसं दवाखान्यात जात होती आणि परत येत नव्हती. असल्या दिवसांत पोरांच्या हॉकीचं दुःख कुणाला सांगणार? सांगितलंच नाही. आता इतकी वर्षं गेल्यावर लिहायला हरकत नाही असं वाटतं.

माझं आणि या खेळाचं कसं जुळलं ते थोडक्यात. कोल्हापुरात आमच्या घरी फुटबॉलचं वेड होतं, पण ते पुरुषांच्या वाट्याचं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी असली की दादा आणि त्याचे मित्र दुपारीच गायब. आम्हा मुलींना स्कोअर संध्याकाळी कळायचा, तोही दादाच्या तोंडाकडे बघून. ओटावाला आल्यावर ऑफिसातल्या एका बाईंनी दोन जास्तीची तिकिटं दिली. लेक तेव्हा लहान होती, तिला घेऊन गेले. नवऱ्याला बाहेरच्या थंडीतून उठून आतल्या थंडीत जाऊन बसण्यात काही रस नव्हता, तो आजही नाही. दोन वर्षांनी मी हंगामाची तिकिटं काढली. माझ्या नावाची खुर्ची, शेजारी लेकीची. पेठेतल्या पोरांना जी गोष्ट फुकट मिळाली होती, ती मला पस्तिशी ओलांडल्यावर पैसे भरून मिळाली, आणि त्याचं मला अजून अप्रूप आहे.

आमचं रिंक बँक स्ट्रीटवर, लॅन्सडाउन पार्कात. फुटबॉलच्या मोठ्या स्टेडियमच्या पायऱ्यांखाली ते बसवलंय, त्यामुळे एका बाजूला छप्पर तिरकं उतरत येतं. वर प्रेक्षक बसायच्या पायऱ्या, त्याच आमच्या डोक्यावरचा माळा. जुनाट आहे, पण बर्फ जवळ आहे. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, लाकडी-प्लॅस्टिकच्या कठड्यावर आदळला की तो आवाज छातीत बसतो. हेल्मेटच्या जाळीआड कुणाला मिसरूड फुटतंय आणि कुणाला नाही, तेसुद्धा दिसतं. टीव्हीवर बघणाऱ्यांना एनएचएल लखलाभ.

शेजारपाजारही तिथलाच. मागच्या रांगेत एक आजोबा बसायचे, टपालखात्यातून निवृत्त झालेले. ब्रायन किलरी कोच असतानाचा काळ त्यांना तोंडपाठ. १९८४ चा मेमोरियल कप, मग १९९९ चा, जो याच छपराखाली कॅलगरीविरुद्ध ओव्हरटाइममध्ये जिंकला. मेमोरियल कप म्हणजे तिन्ही लीगचे विजेते आणि यजमान अशा चार संघांत होणारी स्पर्धा, ज्युनियरमधली शेवटची पायरी. १९९९ च्या त्या गोलाचं वर्णन आजोबांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की लेक ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची. आमच्या डाव्या हाताला दोघी बहिणी, दोघी नर्स. पुढे एक तरुण बाप आणि त्याचा कायम काहीतरी सांडणारा मुलगा. हिवाळाभर हीच माणसं. एकमेकांची आडनावं बऱ्याच जणांना माहीत नव्हती, पण कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते माहीत होतं.

आता २०२० चं दुःख कळायला २०१९ कळायला हवं. त्या वर्षी प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, जिथे आधी चार सामने जिंकेल तो पुढे, आमच्या पोरांनी हॅमिल्टन, सडबरी आणि ओशावा या तिघांना एकही सामना न देता घरी पाठवलं. फायनलमध्ये ग्वेल्फशी गाठ. पहिले दोन सामनेही जिंकले. म्हणजे लागोपाठ चौदा. मग मुख्य गोलकीपर मायकेल डिपिएत्रो जायबंदी झाला आणि ग्वेल्फनं पुढचे चारच्या चार सामने घेतले. चौदा जिंकून मग चार हरायचं, आणि हातात काही नाही. त्या रात्री आजोबांनी आम्हा खुर्चीशेजाऱ्यांच्या ग्रुपवर एकच ओळ टाकली होती: ‘पुढच्या वर्षी.’

पुढचं वर्ष खरोखरच तसं निघालं. आंद्रे तुरिन्यी कोच. ऑस्ट्रियाहून आलेला मार्को रॉसी, बुटका, पण त्याच्या पायाखाली बर्फ वेगळाच असावा असं खेळणारा. त्याच्या लहानपणी वडील त्याला सरावासाठी सीमेपलीकडे झुरिचला गाडीनं नेत, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत होती. ५६ सामन्यांत ३९ गोल आणि ८१ असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास, एकूण १२० गुण, तिन्ही लीगमध्ये सगळ्यात जास्त. आणि आमच्याच बाजूचा, ओटावा नदीच्या खोऱ्यातल्या कॉब्डन गावचा जॅक क्विन. आदल्या हंगामात १२ गोल करणारं पोरगं, या वर्षी ५२. दोघेही सप्टेंबर २००१ च्या दुसऱ्या पंधरवड्यात जन्मलेले. एनएचएलचे संघ पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात, त्या ड्राफ्टसाठी वयाची रेघ १५ सप्टेंबरला असते. रॉसी आठ दिवसांनी आणि क्विन चार दिवसांनी हुकला. नाहीतर दोघेही आदल्याच वर्षी निवडीच्या यादीत आले असते. त्या रेघेला आम्ही मनातल्या मनात नमस्कार करत होतो.

मार्चच्या सुरुवातीला आमचे ६२ सामने झाले होते. त्यातले ५० जिंकलेले, १०१ गुण, लीगमध्ये पहिला नंबर. साखळीतले सहा सामने उरले होते आणि मग प्लेऑफ.

११ मार्चला, बुधवारी, ओटावात कोविडचा पहिला रुग्ण सापडल्याचं जाहीर झालं. त्याच रात्री अमेरिकेत एनबीएनं बास्केटबॉल थांबवलं. गुरुवारी दुपारी एनएचएल थांबली, आणि मागोमाग आमच्या तिन्ही ज्युनियर लीग. मार्चच्या सुट्टीनंतर शाळा आणखी दोन आठवडे बंद, हेही त्याच दिवशी. लेक शाळेतून आली ती दप्तर न ठेवताच म्हणाली, “आई, पुढची मॅच?” मी म्हटलं, तहकूब. तोपर्यंत सगळेच तसं समजत होते. ग्रुपवर नर्स बहिणींपैकी धाकटीनं लिहिलं, ‘दोन आठवडे म्हणतायत, तुम्ही दोन महिने धरा.’ त्या ओळीवर कुणी काही बोललं नाही.

१८ तारखेला साखळीचे उरलेले सामने रद्द झाले. हे एकवेळ चाललं असतं. पहिला नंबर आमचाच होता, त्याची ट्रॉफी नावावर लागली. प्लेऑफ होतील, उशिरा होतील, जूनमध्ये होतील, रिकाम्या रिंकमध्ये होतील, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. आजोबांनी तर जूनमध्ये बर्फ टिकवायला विजेचं बिल किती येईल याचा हिशेबही मांडला. २३ मार्चला, सोमवारी, प्लेऑफ रद्द आणि मेमोरियल कपही रद्द. तो मे महिन्यात ब्रिटिश कोलंबियातल्या केलोनाला व्हायचा होता. १९१९ पासून दर वर्षी कुणी ना कुणी तो उचलला होता. दुसऱ्या महायुद्धातसुद्धा खंड पडला नव्हता.

त्या दिवशी मी रडले नाही. राग आला, आणि राग करायला समोर कुणी नव्हतं. पंचाची चूक नाही, कोचचा हट्ट नाही, कुणी पेनल्टी ओढवून घेतली नाही. लीगनं केलं ते बरोबरच केलं. आपण स्वतः त्या जागी असतो तर तेच केलं असतं हे कळत असताना जो राग येतो, त्याचं काय करायचं असतं? ग्वेल्फविरुद्ध हरलो तेव्हा निदान बर्फावर दोन्ही संघ रांगेत उभे राहिले होते, एकेकाशी हात मिळवत पुढे गेले होते. मालिका संपली की हा रिवाज आहे. हरलेली पोरं तिथेच रडून घेतात, समोरचा खांद्यावर थाप मारतो, आणि आपणही कोट चढवून घराकडे निघतो. यंदा ती रांगच नाही. जिंकलो नाही, हरलोही नाही.

ओळखीचे लोक म्हणायचे, अगं सगळंच पुढे ढकललंय, हेही होईल. त्यांना ज्युनियरचं गणित माहीत नव्हतं. एनएचएल ऑगस्टमध्ये टोरोंटो आणि एडमंटनच्या बंदिस्त रिंकमध्ये पुन्हा सुरू झाली, तेच खेळाडू, तीच मालिका, सप्टेंबरअखेर टॅम्पा बेनं कप उचलला. ज्युनियरमध्ये पोरगं विशीचं झालं की संपलं. वीस वर्षांचे फक्त तीन खेळाडू एका संघाला ठेवता येतात, त्यांना ओव्हरएज म्हणतात, आणि पुढच्या वर्षी त्यांना जागा नाही. त्यातले मोजके वरच्या लीगमध्ये जातात. बाकीचे विद्यापीठात जातात. एक हंगाम खेळला की एका वर्षाची फी लीगकडून, असा नियम आहे. म्हणजे २०२० चा तो संघ कुठल्याही तारखेला पुन्हा बर्फावर उतरणार नव्हता. बाहेरगावची पोरं इथे यजमान कुटुंबांकडे राहतात, त्या कुटुंबांना बिलेट म्हणतात. आमच्या गल्लीच्या टोकाला असं एक घर आहे. त्या आठवड्यात त्यांच्या दारात एक गाडी उभी होती, डिकीत हॉकीच्या दोन भल्या मोठ्या बॅगा कोंबून बसवत होते. घरच्या बाई बॅगेवर डब्यातून काहीतरी खायला ठेवत होत्या. पोरगं त्यांच्यापेक्षा दीड फूट उंच, आणि मान खाली घालून उभं. मी हात केला आणि चालत राहिले. थांबून बोलायचे ते दिवस नव्हते.

प्लेऑफ रद्द झाल्यावर दोनच दिवसांनी, बुधवारी, गुढीपाडवा. इकडे मंडळाचा कार्यक्रम रद्द, तिकडे भारतात त्याच दिवसापासून लॉकडाउन. आमची काठी दर वर्षी मंडळाच्या सामानात असते, ती एका गोडाउनमध्ये कुलपात. बाल्कनीत अजून बर्फ होता. लेक आत जाऊन तिची जुनी हॉकी स्टिक घेऊन आली. मी आधी नाहीच म्हटलं. मग विचार केला, काठी ती काठी. पातं खाली, बर्फ भरलेल्या कुंडीत रोवलं. वर खण, साखरेची माळ, तांब्या. कडुनिंब इथे कुठला, कढीपत्ता बांधला. व्हिडिओ कॉलवर आईनं बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, “अगं, खाली ते वाकडं काय आलंय?” लेकीनं सांगितलं. आई म्हणाली, “बरं. पडू नये म्हणजे झालं.” दादा मागून ओरडला, शाहू स्टेडियमलाही कुलूप आहे म्हणून. त्या एका वाक्यानं मला जितकं बरं वाटलं तितकं महिनाभर कशानं वाटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आजोबांनी जे केलं ते मात्र लिहायलाच हवं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, एकटा, बाहेर पडायची बंदी. त्यांनी जाहीर केलं की प्लेऑफ होणार, आणि ते त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होणार. दोन फासे, एक लाल आमचा, एक पांढरा समोरच्याचा. एका सामन्याचे तीन डाव, प्रत्येक डावाला एकेक फासा टाकायचा. एक-दोन-तीन पडले तर गोल नाही, चार-पाचला एक, सहाला दोन. बरोबरी झाली तर ज्याचं दान मोठं पडेल तो ओव्हरटाइम जिंकला. आमचा संघ पहिल्या नंबरचा म्हणून दुसऱ्या डावात आम्हाला एक दान जास्त, पण ते घरच्या सामन्यातच. हे नियम त्यांनी टाइप करून पाठवले, आणि खाली लिहिलं, ‘तक्रार चालणार नाही.’

रोज रात्री जेवणानंतर ग्रुपवर स्कोअर यायचा. सोबत टेबलाचा फोटो, फासे दिसतील असा, शेजारी चहाचा कप. पहिल्या आठवड्यात आम्ही हसण्यावारी नेलं. दुसऱ्या आठवड्यात लेक ऑनलाइन तास संपला की विचारायला लागली, आज घरी आहे की बाहेर? पुढच्या रांगेतला मुलगा गोल कुणी केला असेल ते ठरवून लिहायचा. सगळे गोल क्विनचेच असायचे. त्याच्या बापानं एकदा विचारलं, रॉसी काय करतोय? उत्तर आलं, ‘पास देतोय.’ पोराला हॉकी कळत होती. थोरली नर्स रात्रपाळी संपवून पहाटे गाडीत बसल्या बसल्या आधी तो स्कोअर बघायची. दिवसभरात काय पाहिलं ते ती कधीच लिहायची नाही, फक्त ‘चारला एक गोल जास्त उदार नियम आहे’ असं काहीतरी.

पहिली फेरी आम्ही आरामात काढली. दुसऱ्या फेरीत फाशांनी आम्हाला ओशावाकडून हरवलं. सातव्या सामन्यात, ओव्हरटाइममध्ये, लाल दोन आणि पांढरा पाच.

ग्रुपवर असा काही गदारोळ झाला की विचारू नका. पुन्हा टाका, टेबल हललं असेल, लाल फासा घासलेला आहे, फोटोत सावली आहे. तरुण बापानं लांबलचक निषेधपत्र लिहिलं. मी स्वतः, वयानं पन्नाशीकडे झुकलेली, सरकारी खात्यात काम करणारी बाई, रात्री अकराला आजोबांना फोन लावला आणि म्हटलं, हे बरोबर नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तक्रार चालणार नाही असं लिहिलं होतं,” म्हणाले. मग जरा थांबून, “खरं सांगू, मलाही झोप येणार नाहीये.” आणि आम्ही दोघेही हसत सुटलो. ओशावा पुढे आजोबांच्या टेबलावर फायनलही हरलं, पण ते बघायला कुणाला रस उरला नव्हता.

तिकिटांचे उरलेले पैसे परत घ्यायचे की पुढच्या हंगामात वळवायचे, हाही प्रश्न त्याच काळातला. नवरा म्हणाला, परत घे, पुढचा हंगाम कुणी बघितलाय. त्याचं चूक नव्हतं. मी वळवले. खुर्ची सोडायची नव्हती, एवढंच कारण, आणि ते हिशेबात बसणारं नाही हे मलाही कळत होतं.

मग ६ ऑक्टोबरची ड्राफ्टची रात्र. सगळं व्हिडिओवर, पोरं आपापल्या घरी सुटाबुटात सोफ्यावर. आमच्या शहराच्या एनएचएल संघाकडे, सेनेटर्सकडे, पहिल्या पाचांतल्या तिसरी आणि पाचवी अशा दोन निवडी होत्या. तिसरी निवड टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचे अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांनी जाहीर केली. ते मूळचे सडबरीचे, त्यांची तब्येत तेव्हा खालावलेली होती, पुढच्याच महिन्यात ते गेले. तिसरा जर्मनीचा टिम श्ट्युट्झ्ले. पाचव्याला आम्ही सगळे श्वास रोखून रॉसीचं नाव ऐकायला बसलो होतो. म्हणजे पोरगं गावातच राहिलं असतं. जेक सँडरसनचं नाव आलं. मग आठव्या क्रमांकावर बफेलोनं क्विनला घेतलं आणि नवव्यावर मिनेसोटानं रॉसीला. एकाच ज्युनियर संघातली दोन पोरं, आठ आणि नऊ. लेकीनं सोफ्यावर उड्या मारल्या, शेजाऱ्यांनी भिंत वाजवली. कप मिळाला नव्हता, पण आमचं बघणं खोटं नव्हतं हे कुणीतरी अधिकृतपणे सांगितल्यासारखं वाटलं. त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी मी शांत झोपले.

हे सुखही फार टिकलं नाही. रॉसीला नोव्हेंबरमध्ये कोविड झाला. त्यातून उठून तो डिसेंबरात ऑस्ट्रियाचा कर्णधार म्हणून ज्युनियर विश्वस्पर्धा खेळला आणि नंतर मिनेसोटाच्या तपासणीत हृदयाच्या स्नायूला सूज आढळली. पूर्ण हंगाम गेला. जी साथ आमचा खेळ खाऊन गेली तिनंच त्या पोराला गाठावं. तो एनएचएलमध्ये उतरला जानेवारी २०२२ मध्ये. तोवर मी त्याच्या तब्येतीची बातमी भाच्याच्या तब्येतीसारखी विचारत होते.

आणि पुढचा हंगाम? तो तर सुरूच झाला नाही. आधी १ डिसेंबर म्हणाले, मग ४ फेब्रुवारी. मध्ये ओंटारियोच्या क्रीडामंत्र्यांनी सांगितलं की खेळायचं तर अंगाला अंग न लावता खेळा. बर्फावरच्या हॉकीत! दोन-तीन दिवस अख्ख्या प्रांतात दुसरा विषय नव्हता. प्रीमियर, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्री, साहेबांनाही सारवासारव करावी लागली. त्याच वेळी नदीपलीकडे क्वेबेकची लीग अडखळत का होईना, खेळत होती. गॅटिनो आमच्या घरापासून पुलापलीकडे. तिथला संघ खेळतोय आणि आपला नाही, ही जळजळ मी नाकारणार नाही. पश्चिमेची लीगही छोटा हंगाम खेळली. तिघांपैकी फक्त आमची लीग एकही सामना न खेळता २० एप्रिल २०२१ ला हंगाम रद्द करून मोकळी झाली. जे २०२० ला एकोणीस वर्षांचे होते, त्यांचं शेवटचं वर्ष असं गेलं. कोच तुरिन्यी उन्हाळ्यात अ‍ॅरिझोनाच्या एनएचएल संघाकडे गेले. आता जुनं काही शिल्लक नव्हतं. होते ते फक्त पट्टे.

ऑक्टोबर २०२१ ला परत रिंकवर गेलो तेव्हा दारात लसीचा दाखला दाखवायचा, तोंडावर मास्क. मला वाटलं होतं भरून येईल. प्रत्यक्षात पहिला अर्धा तास मी पाठीवरचे नंबर आणि हातातला कागद जुळवत बसले होते. एकही चेहरा ओळखीचा नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरं, ज्यांनी दीड वर्ष धड सामना खेळलेला नाही, एकमेकांवर आपटत होती. लेक कुजबुजली, “आई, हे आपले नाहीत.” मीही तेच म्हणत होते, फक्त मोठ्यानं नाही. नर्स बहिणींपैकी थोरली आली नाही. तिनं गर्दीत बसणं सोडलं होतं, ते कायमचंच. आजोबा आले, काठी घेऊन. पहिला गोल झाला तेव्हा कुणी केला ते आम्हाला कळलं नाही, तरी उठून ओरडलो. मला वाटतं लळा लागायला तिथूनच सुरुवात झाली, पण तो लागायला हिवाळा जावा लागला.

कारण मध्ये पुन्हा खोळंबा. जानेवारीत प्रांतानं प्रेक्षक बंद केले. महिनाअखेर शहरात ट्रकवाल्यांचं आंदोलन बसलं, भोंगे दिवसरात्र. मार्चमध्ये निर्बंध उठले, एप्रिलमध्ये कसाबसा संघ प्लेऑफला लागला आणि पहिल्याच फेरीत नॉर्थ बेनं घरी पाठवलं. त्याचं काही वाटलं नाही. ती पोरं अजून पुरती आमची नव्हती, आणि नॉर्थ बे खरंच चांगलं खेळलं.

पण पुढचं वर्ष, २०२२-२३! कोच डेव्ह कॅमेरन, ५१ विजय, १०७ गुण, पुन्हा लीगमध्ये पहिला नंबर. लेक तोवर विद्यापीठात दुसऱ्या शहरी. तिची खुर्ची मी सोडली नव्हती. तिथे आता पुढच्या रांगेतला मुलगा येऊन बसायचा, वाढलेला, आवाज फुटलेला, अजूनही काही ना काही सांडणारा. आजोबांनी हंगामभर ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द उच्चारायचे नाहीत असा दंडक घातला होता. दुसऱ्या फेरीत पीटरबरोशी गाठ पडली. त्यांची पोरं मोठी, अंगानं भरलेली, वाटेत उभी राहिली की हलायची नाहीत. सहाव्या सामन्यात, त्यांच्या गावात, आम्ही हरलो. मी घरी लॅपटॉपवर बघत होते. शिटी वाजली, पीटरबरोची पोरं गोलकीपरवर झेपावली, आणि मग दोन्ही संघ रांगेत आले. मी ती रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली. पट्टेवाल्यांपैकी एक जण समोरच्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला, त्याच्यामुळे मागची रांग अडली, कुणी ढकललं नाही.

लेकीचा फोन आलाच. “पॉवर प्लेवर, त्यांचा एक जण शिक्षेला बाहेर असताना, पास काय करत बसतात गं? मारा ना!”

“तेच,” म्हटलं. “समोर गोल दिसतोय आणि हे आपले इकडून तिकडे.”

“आणि ते शेवटचे दोन मिनिट गोली काढून जास्तीचा खेळाडू उतरवायला इतका उशीर?”

“तुरिन्यी असता तर आधी काढला असता.”

“आई, तुरिन्यीचं काढू नकोस आता.”

नवरा आतून ओरडला, किती वाजले बघा. ग्रुपवर तोवर आजोबांचा मेसेज येऊन पडला होता: पॉवर प्लेचे आकडे, प्रत्येक सामन्याचे, स्वतःच्या हातानं मांडलेले, आणि खाली लिहिलेलं, ‘तक्रारी चालतील.’ आम्ही दोघींनी पुढचा पाऊण तास त्याच्यावर काढला.